दहा कुत्र्यांची वही

सोमवार, १३ जानेवारी

प्रकाशक सी हेदींचा ट्युनिसहून फोन आला. पुस्तक घेताहेत. माझं पुस्तक! हातात अर्धा चिरलेला कांदा होता, त्यामुळे डोळ्यांतल्या पाण्याचा जाब कुणाला द्यावा लागला नाही.

"दलेंदा, एकच सांगतो," सी हेदी म्हणाले, "मुलं हसली पाहिजेत. दहापर्यंत मोजून झालं हे त्यांना कळतासुद्धा कामा नये. चित्रं फेब्रुवारीअखेर माझ्या टेबलावर हवीत."

गोष्ट साधी आहे. आमच्या बंदरावरचा कुत्रा कपितान खाटकाच्या दुकानातून मर्गेझची माळ पळवतो. लालभडक, तिखट, लांबच लांब सॉसेजची माळ. दर पानावर एक कुत्रं येतं आणि माळेचं मागचं टोक तोंडात धरतं. दहाव्या पानावर दहा कुत्री होतात, पण तोवर पहिल्याने आणि शेवटच्याने दोन्हीकडून माळ फस्त केलेली असते. मधली आठ नुसता दोरा धरून ऐटीत चाललेली. एमनाला सांगितली तर ती हसून हसून खाटेवरून पडली. साडेचार वर्षांच्या माणसाचं मत मी सी हेदींच्या मतापेक्षा वरचं धरते.

नऊ वर्षं शाळेत चित्रकला शिकवली, मग एमना झाली आणि सोडली. त्यानंतर हे माझं पहिलं काम. म्हणून चित्रांच्या वहीशिवाय ही दुसरी वही घातली आहे. रोज लिहायचं ठरवलंय, बघू.

शुक्रवार, १७ जानेवारी

रोज लिहिणं झालं नाही, ते होणार नव्हतंच.

दहाही कुत्री आमच्याच भागातली, खरीखुरी घेतली आहेत. कुत्रं काही पोझ देऊन बसत नाही, त्यामुळे त्याच्या वेळा पाळाव्या लागतात. प्रत्येक चित्राखाली मी लिहून ठेवते. कपितान: मासळी उतरते तो धक्का, सकाळी सहा. पाशा: बेकरीची पायरी, पहाटे भट्टी पेटते तेव्हा. बेकरीच्या त्याच पायरीवर सुकरा आणि फिल्फिला या दोघी बहिणीही असतात. तीनपायी: शाळेची मागची भिंत, दुपारी दोन, उन्हात. झोपेत शेपूट हलवते.

सासूबाईंनी, म्हणजे उम्मी मन्नूबियांनी, वही पाहिली आणि त्यांचा चेहरा उतरला.

"मोजतेस काय त्यांना?"

"मोजायचंच पुस्तक आहे, उम्मी."

"जित्या जिवाला मोजू नये, पोरी. नजर लागते."

त्या स्वतःच्या कोंबड्यासुद्धा मोजत नाहीत. खुराडं लावताना एकेकीवर हात ठेवून "बरकत, बरकत" म्हणत जातात. नातवंडं किती असं कुणी विचारलं तरी उत्तर तेच. मी म्हटलं, मग मी पुस्तकाचं नाव 'बरकत ते बरकत' ठेवते. त्या हसल्या नाहीत. गल्लीच्या तोंडाशी असलेल्या सीदी झायेदच्या दर्ग्याची किल्ली त्यांच्याकडे असते. दर शुक्रवारी तिथे मेणबत्त्या लावतात. आज माझ्या नावाची एक जादा लावली म्हणे.

नौफल जेवताना फाईल वाचत होता. नगरपालिकेच्या आरोग्य विभागात कारकून आहे माझा नवरा, आणि माझ्या कुत्र्यांत त्याला काडीचा रस नाही.

बुधवार, २२ जानेवारी

आठवडी बाजारात एका मुलाला कुत्रं चावलं. बाहेरून आलेलं होतं म्हणतात. पोराला टाके पडले. गावात नुसता कल्लोळ. नौफल उशिरा आला.

शनिवार, २५ जानेवारी

आज मला फार बरं वाटतंय. आपणहून नौफलने चित्रांची वही मागितली! शेजारी बसला, एकेक पान उलटलं. घाई नाही, जांभई नाही. मी किती वर्षं वाट पाहत होते या गोष्टीची, ते मला आज कळलं.

"तीनपायी दुपारभर तिथेच असते?" त्याने विचारलं.

"ऊन असेल तर. नाहीतर भिंतीपलीकडे, पाइपाखाली."

"आणि दहाच आहेत? अकरावं नाही ना कुठे?"

"दहाच. पुस्तक दहापर्यंतच आहे."

"मी गावातलं विचारतोय."

"गावातलं मला काय माहीत? आपल्या भागात दहा."

त्याने मान हलवली. चित्रं छान आहेत म्हणाला. लग्नानंतर अकरा वर्षांनी नवऱ्याने छान म्हटलं की बाईने तारीख लिहून ठेवावी, म्हणून लिहिली.

मंगळवार, २८ जानेवारी

काल दिवसभर चित्रांची वही सापडेना. घर उलथंपालथं केलं. आज सकाळी फ्रिजवर होती! सहाव्या पानाला टाचणी लावलेली. एमनाला फैलावर घेतलं. ती "मी नाही घेतली, मी नाही घेतली" म्हणत रडत राहिली. मग मीच अजून रागावले, खोटं बोलतेस म्हणून. नौफल कोट चढवत होता. "जाऊ दे ना," एवढंच म्हणाला आणि बाहेर पडला. मुलीचे लाड त्यानेच करून ठेवलेत.

सोमवार, ३ फेब्रुवारी

उजाडताना बंदुकीचे आवाज आले. आधी वाटलं ट्रकचा टायर फुटला. मग दुसरा आला, तिसरा आला.

पाशा, सुकरा आणि फिल्फिला. तिघंही बेकरीच्या पायरीवर. नगरपालिकेचे दोन शिकारी जीपमधून आले, उतरले, तीन गोळ्या आणि निघून गेले. बेकरीवाला सांगत होता, "इकडेतिकडे बघितलंसुद्धा नाही, बाई. जणू पत्ता विचारून आले." पायरीवर त्याने पाणी ओतलं होतं, तरी कडेला सांडलेल्या पिठावर डाग होता.

एमना नेहमीसारखी गच्चीवर उभी राहून मोजत बसली. खाली आली आणि म्हणाली, "आई, सातच होतात. तुझं पुस्तक चुकलंय."

मी तिला पोटाशी धरलं आणि चहा उतू गेला. नौफल न जेवता गेला. त्याला कुत्र्यांचं एवढं लागेल असं मला वाटलं नव्हतं. बिचारा.

बुधवार, ५ फेब्रुवारी

आजचं अक्षर वाकडं येईल.

दीडच्या सुमाराला पाव आणायला गेले. नाक्यावरच्या कॅफेत ते दोन शिकारी कॉफी पीत बसले होते. नारिंगी जाकिटं. जीपमध्ये बंदुका. टेबलावर, कॉफीच्या ग्लासाखाली एक कागद. त्यावर माझी तीनपायी. माझ्या पेन्सिलीची, माझ्या अक्षरातली: शाळेची मागची भिंत, दुपारी दोन, उन्हात. झोपेत शेपूट हलवते.

त्यांतला म्हातारा माझ्याकडे बघून हसला. "चित्र झकास काढलंय हो कुणीतरी. लगेच ओळखू येतं."

मी घड्याळ पाहिलं. एक वाजून चाळीस मिनिटं.

शाळेपर्यंत मी कशी धावले ते आठवत नाही. ती होती. झोपलेली होती आणि खरंच शेपूट हलवत होती. पाव दाखवला तर उठेना, पोट भरलेलं बाईसाहेबांचं. शेवटी सरळ उचलली. पंचवीस किलोचं धूड, तीन पाय माझ्या पोटावर झाडतंय, बायका दारात येऊन बघताहेत. उम्मींच्या अंगणात आणून टाकली आणि कोंबड्यांनी आकाश डोक्यावर घेतलं. मागे वळून बघते तर जीप शाळेकडे वळत होती.

उम्मींनी तिच्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, दाराला अडसर घातला.

मग एमनाला जवळ घेऊन म्हटलं, वही तू घेतली नव्हतीस, आईचं चुकलं. तिने विचारलं, "मग कुणी घेतली?" मी म्हटलं, विचारते.

संध्याकाळी विचारलं.

"माझी वही तू नेलीस?"

"झेरॉक्स काढून परत आणली." उभाच होता, कोट अंगात.

"नौफल!"

"त्या पोराला चावल्यावर साहेब म्हणाले, गल्लीगल्लीत मांसाला विष लावून टाका. एमना खेळते तिथे, दलेंदा. सगळीच पोरं खेळतात. मी म्हटलं विष नको. किती आहेत, कुठे आहेत ते मी देतो, नेमकी तेवढीच मारा. दहा झाली की फाईल बंद."

"म्हणजे उपकारच केलेस."

"मी हिशेब केला."

"मला का नाही विचारलंस?"

"तू दिली नसतीस."

नसतेच दिली. आणि मग विष टाकलं असतं का? टाकलं असतं. एमना रस्त्यावरचं काहीही तोंडात घालते. हे सगळं मला कळतं आणि तरी मला त्याचं तोंड बघवत नाही. त्या शनिवारी तो माझ्याशेजारी बसला होता, मी कसली खूश झाले होते! ते आठवलं की अंगाची आग होते. त्याला म्हटलं, तुझं ताट तू वाढून घे.

गुरुवार, ६ फेब्रुवारी

कुत्री मारायचा हुकूम २८ फेब्रुवारीपर्यंतचा आहे. मग रमजान लागतो आणि बंदुका बंद. बावीस दिवस. तीनपायी धरून सात.

सातांना ठेवायचं कुठे? आमचं अंगण शिकारी पाच मिनिटांत बघतील. मी डोकं धरून बसले होते. उम्मींनी कमरेची किल्ली सोडून माझ्यासमोर ठेवली.

"दर्ग्यात?" मी म्हटलं. "कुत्री?"

"अंगणात. कबरीच्या खोलीला कुलूप राहील." त्या म्हणाल्या. "माझ्या आजीच्या वेळी खून करून आलेला माणूस त्या अंगणात सहा महिने राहिला. शिपाई दारात उभे राहायचे, पण आत पाऊल टाकायची हिंमत झाली नाही कुणाची. सीदी झायेदच्या उंबऱ्याआत आलेल्याला कुणी हात लावत नाही. ते काय फक्त माणसांनाच आहे असं कुठे लिहिलंय?"

"लोक नावं ठेवतील, उम्मी."

"ठेवू देत. मला काय आता लग्न जमवायचंय?"

रविवार, ९ फेब्रुवारी

सहा आत. ज्या वहीने त्यांना पकडून दिलं असतं, तीच घेऊन मी दारोदार फिरले. कुठलं कुत्रं किती वाजता कुठे असतं ते गावात माझ्याइतकं कुणाला ठाऊक आहे? मला आणि त्या शिकाऱ्यांना. प्रत्येक ठिकाणी अर्धा तास आधी पोचायचं, एवढाच माझा डाव.

राहिला कपितान. धक्का सोडून यायला तयार नाही. भाकरी नको, कुसकुस नको. शेवटी खाटकाकडून मर्गेझची माळ घेतली. "पुस्तकासाठी का?" खाटकाने विचारलं. हो म्हटलं. धक्क्यापासून दर्ग्यापर्यंत भर दुपारी मी पुढे माळ ओढत चाललेय आणि मागे कपितान! कोळी शिट्ट्या मारत होते. मला हसू यायला हवं होतं. पण मी फक्त जीपचा आवाज ऐकत होते.

गुरुवार, १३ फेब्रुवारी

शिकारी दर्ग्याच्या दारात आले. भुंकणं काही लपत नाही. तरुण शिकारी बंदूक घेऊन पुढे झाला, तर म्हाताऱ्याने त्याला दंडाला धरून मागे ओढलं. स्वतः चौकटीला हात लावून तो हात ओठांना लावला. सवयीने. मग आपण काय केलं ते लक्षात येऊन कानकोंडा झाला.

उम्मी उंबऱ्यात स्टूल टाकून बसलेल्या. "बंदूक गाडीत ठेव आणि आत ये. चहा देते."

"चहा नको, हाज्जा. किती आहेत ते तरी सांग. वर सांगावं लागतं."

"बरकत आहे."

"हाज्जा, आकडा."

"तुला मुलं किती रे?"

आकडा त्याच्याही तोंडून निघाला नाही. जीप गेली. मी भिंतीमागे होते, तिथेच खाली बसले.

शनिवार, २२ फेब्रुवारी

फार थकलेय. सात पोटं, रोजचं हाडूक, रोजची झाडलोट, कारण उम्मींना अंगण आरशासारखं लागतं. शेजारच्या बायका उष्टं आणून देतात. काहीजणी नाक मुरडून जातात. ज्या मुलाला चावलं त्याची आई आली होती. मला वाटलं, आता शिव्या देणार. ती म्हणाली, "माझ्या पोराला चावलं ते यात नाही. पण तुझ्या पोरीला चावलं असतं तर तू काय केलं असतंस?" मी म्हटलं, ठाऊक नाही. खरंच ठाऊक नाही. तिला चहा दिला, तिने घेतला नाही.

सहा दिवस उरलेत. तीन चित्रं बाकी. नौफलशी एमनापुरतं बोलते.

बुधवार, २६ फेब्रुवारी

साहेबांनी आज नौफललाच पाठवलं. बंदूक नसलेल्याला आत जायला आडकाठी नाही, असं डोकं चालवलं त्यांनी. त्याने आत जायचं, मोजायचं, फॉर्म भरायचा आणि एकेक दोरीला बांधून बाहेर काढायचं. बाहेर जाळीची गाडी आणि दोघं शिकारी.

सकाळी दहा वाजता सगळी गल्ली जमा झाली. मी कोपऱ्यात होते, एमना कडेवर. नौफल आला, हातात फॉर्मचं पॅड, खांद्यावर दोऱ्या. माझ्याकडे बघितलं नाही. उम्मी स्टुलावरून उठल्या. मला वाटलं त्या अडवतील. त्यांनी त्याला वाट दिली. "बूट काढ," एवढंच म्हणाल्या.

तो मोज्यांनी आत गेला.

किती वेळ गेला कोण जाणे. माझ्या मनात एकच, हा माणूस हिशेबाचा आहे. आयुष्यात याने पावपैशाचा आकडा खोटा लिहिलेला नाही. शेजाऱ्याला जन्माच्या दाखल्यावर दोन दिवस मागेपुढे करून दिले नव्हते याने, पंधरा दिवस अबोला सोसला होता. हा सात लिहिणार. खरं तेच लिहिणार.

बाहेर आला. बूट घातले, नाड्या बांधल्या. दोऱ्या खांद्यावर तशाच.

"किती, सी नौफल?" म्हाताऱ्या शिकाऱ्याने विचारलं.

त्याच क्षणी आतून कपितान भुंकला. त्याच्यामागे दुसरं, मग सगळीच. दर्गा दणाणून गेला.

नौफल ते थांबायची वाट बघत उभा राहिला. ती थांबली नाहीत. मग त्या गोंधळातच, ऐकू जावं म्हणून जरा मोठ्याने, तो म्हणाला, "एकही नाही."

कुणीतरी फिसकन हसलं. तरुण शिकारी म्हणाला, "अहो, भुंकताहेत ना!"

"मी आत जाऊन पाहिलंय. तुम्ही पाहिलंय?" पॅड गुडघ्यावर ठेवून त्याने फॉर्मवर शून्य लिहिलं, सही केली, आणि पॅड म्हाताऱ्यापुढे धरलं. म्हाताऱ्याने उम्मींकडे पाहिलं, दाराकडे पाहिलं आणि सही ठोकली. जाळीची गाडी रिकामी गेली.

घरी जाताना मी त्याच्याशी बोलले नाही. पण चालले त्याच्या बाजूने.

शुक्रवार, २८ फेब्रुवारी

हुकूम आज संपला. दुपारी चारला उम्मींनी दर्ग्याचं दार सताड उघडलं. कपितान तडक धक्क्यावर गेला, जणू त्याच्यावाचून बोटी बुडत होत्या. तीनपायी मात्र आमच्याच दारात येऊन पडली आहे.

चित्रं सी हेदींना धाडली. दहाव्या पानावर दहाही काढलीत. पाशा चार वेळा खोडला. वहीत तो झोपलेलाच आहे; जागेपणीचे त्याचे कान मला नीट आठवत नाहीत, आणि हे कुणाला विचारायचं?

नौफलला नोटीस आली आहे. अख्ख्या गल्लीने भुंकणं ऐकलं असताना शून्य कसं लिहिलं, तीन दिवसांत लेखी खुलासा द्यावा. नोकरी जाऊ शकते. सगळा दिवस त्याने तीन मसुदे केले आणि फाडले. एकात सीदी झायेद होते, एकात कायद्याचं कलम, एकात एमना. संध्याकाळी टेबलाशी येऊन म्हणाला, "ऐकतेस का? चौथा आहे."

मी म्हटलं, वाच.

"'आत सात कुत्री होती. मी एकही नाही असं सांगितलं. ती सापडावीत म्हणून आधी दिलेली यादीही मीच, बायकोला न विचारता तिची वही उचलून केली होती. त्या यादीतली तीन मेली. पुन्हा पाठवलंत तरी मी एकही नाही असंच सांगेन.'" त्याने कागद खाली ठेवला. "कारण लिहायचं राहिलंय. काय लिहू?"

"काही लिहू नको. सही कर."

त्याने सही केली, कागदाची घडी घातली, पाकिटात भरली. मग विचारलं, आज जेवायला काय आहे. मी त्याचं ताट वाढलं. तो जेवत होता आणि मी समोर बसून बघत होते. महिनाभर मला फक्त त्या सातांसाठी भीती वाटत होती. आज पहिल्यांदा त्याच्यासाठी वाटली.